डन्स्टेबलच्या टेकडीखाली

दोस्तांनो, सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर उभं राहून तुम्ही घार पाहिली असेलच. पंख हलवायचं नाव नाही, आणि तरी ती वर वर चढत जाते! दरीतून येणारा वारा कड्यावर आपटतो, पुढे जायला वाट नाही म्हणून वर चढतो, आणि घार त्या चढत्या वाऱ्यावर ऐटीत बसते. ना दमणं, ना घाई.

आज आपण अशाच एका टेकडीवर जाणार आहोत. फरक एवढाच, की तिथे घारींच्या जोडीला माणसंही तरंगत असतात.

ही टेकडी इंग्लंडमध्ये आहे. लंडनपासून वायव्येला साधारण पन्नास किलोमीटरवर डन्स्टेबल नावाचं गाव लागतं. गावाला लागूनच एक लांबलचक टेकडी आहे, डन्स्टेबल डाऊन्स. नाव ‘डाऊन्स’ आणि चढायचं मात्र वर! टेकडीची समुद्रसपाटीपासूनची उंची २४३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेंगूळच म्हणायचं. पण बेडफर्डशायर परगण्यात याहून उंच जागा नाही. टेकडी चॉक नावाच्या पांढऱ्या, मऊ दगडाची आहे. वर हिरवंगार गवत, आणि जिथे गवत खरवडलं जाईल तिथे खाली पांढरंशुभ्र! या गमतीचा फायदा घेऊन जवळच्या व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाने १९३३ साली उतारावर एक प्रचंड सिंह कोरून ठेवला. तो सुमारे दीडशे मीटर लांब आहे आणि आकाशातून दुरूनही दिसतो.

आता टेकडीच्या कडेला उभे राहा आणि खाली बघा. पायथ्याशी एक मोठं गवताचं मैदान दिसतंय ना? कडेला पांढऱ्या, लांब पंखांची विमानं ओळीने उभी आहेत. हा लंडन ग्लायडिंग क्लब. क्लबची स्थापना १९३० सालची. पश्चिमेचा वारा सुटला की तो या टेकडीवर आपटून वर चढतो, आणि ही बिनइंजिनाची विमानं टेकडीच्या कडेने इकडून तिकडे तरंगत राहतात. अगदी आपल्या घारीसारखी.

बिनइंजिनाचं विमान म्हणजे ग्लायडर. त्याला ना पेट्रोल लागतं, ना त्याचा आवाज होतो. एकदा वर गेला की तो हळूहळू घसरत खाली येतो, आणि वाटेत चढता वारा मिळाला तर पुन्हा वर जातो. चांगला वैमानिक असा तासन्‌तास वर राहू शकतो.

पण ‘एकदा वर गेला की’ म्हटलं, तर वर जायचं कसं? इंजिन तर नाही! आपल्या आजच्या सहलीची खरी गोष्ट इथे सुरू होते. तुम्हाला कुणी विचारलं, की ग्लायडरमध्ये सगळ्यात जास्त सांभाळायची वेळ कोणती, तर तुम्ही म्हणाल, उंचावर गेल्यावर. साहजिक आहे. पण ग्लायडर उडवणाऱ्यांना उंचीची एवढी धास्ती वाटत नाही. उंची म्हणजे गाठीला असलेले पैसे. काही चुकलंच, तर विचार करायला आणि सावरायला वेळ मिळतो. ते सगळ्यात जास्त जपतात ते जमिनीवरच्या पहिल्या पाच सेकंदांना. तेव्हा गाठीला काहीच नसतं!

दोराची ओढ

फार पूर्वी, १९३० च्या सुमारास, ग्लायडर उडवायची पद्धत अगदी बेचकीसारखी होती. टेकडीच्या कडेवर ग्लायडर ठेवायचा, नाकाला रबरी दोर अडकवायचा, आणि दोराची दोन टोकं धरून माणसांनी उताराकडे पळत सुटायचं. रबर ताणलं की मागच्या माणसांनी ग्लायडर सोडायचा. सूं! बेचकीतून खडा सुटावा तसा ग्लायडर हवेत.

आता बहुतेक ठिकाणी काम यंत्र करतं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, सुमारे एक किलोमीटरवर, विंच नावाचं यंत्र असतं. विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळतात तसं एक मोठं चाक, आणि ते फिरवायला ट्रकमध्ये असतं तसं दणकट इंजिन. चाकावरचा दोर मैदानभर पसरून त्याचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवतात. विंच सुरू झाली की दोर गुंडाळला जातो आणि ग्लायडर पुढे झेपावतो. पतंगाला ढील न देता नुसता मांजा भराभर ओढला, तर पतंग कसा डोक्यावर चढतो? तसाच ग्लायडर वर चढतो.

आणि किती वेगाने माहीत आहे? उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग चार-पाच सेकंदांत! तुम्ही ‘एक, दोन, तीन, चार’ मोजेपर्यंत ग्लायडर जमीन सोडून वर निघालेला असतो. पाऊण मिनिटात तो तीन-चारशे मीटर उंच पोचतो, वैमानिक समोरची पिवळी मूठ ओढतो, आकडा उघडतो आणि दोर सुटतो. दोराच्या टोकाला एक छोटी छत्री असते. ती उघडते आणि दोर सावकाश खाली येतो. वर उरते ती फक्त शांतता आणि वाऱ्याची शीळ.

ही पिवळी मूठ नीट लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पंखाच्या टोकाशी उभा असलेला मुलगा

आता टेकडी उतरून मैदानाच्या कडेला येऊ. ग्लायडरला पोटाखाली मुख्य चाक एकच असतं. त्यामुळे उभा असताना तो एका बाजूला कलंडतो आणि एक पंख जमिनीला टेकतो. शिकवायच्या दोन आसनी ग्लायडरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १७ मीटर असतात. म्हणजे दीड एस.टी. बस आडवी ठेवा! एवढा लांब पंख उड्डाणाच्या वेळी जमिनीला समांतर राहायला हवा. म्हणून एक जण पंखाचं टोक हातात धरून उभा राहतो आणि ग्लायडर सुटला की त्याच्याबरोबर चार पावलं पळतो. तेवढ्यात वेग वाढतो आणि पंखांवरच्या झडपा काम करू लागतात. मग तोल वैमानिक सांभाळतो.

पंख धरणारा हा मदतनीस पुष्कळदा शाळेतला मुलगा किंवा मुलगी असते. ब्रिटनमध्ये चौदाव्या वर्षी एकट्याने ग्लायडर उडवता येतो. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलांना! त्यामुळे क्लबमध्ये मुलं पुष्कळ, आणि शिकायला आलेल्या प्रत्येकाने मैदानावरची कामंही करायची, असा रिवाज.

समजा, ते पंखाचं टोक आज तुमच्या हातात आहे. पंख सुटायच्या आत किंवा सुटताच तो एकीकडे झुकला आणि टोक जमिनीला लागलं, तर काय होईल?

घरी एक प्रयोग करून बघा. एका लाकडी पट्टीला मधोमध दोरा बांधा, पट्टी फरशीवर आडवी ठेवा आणि दोरा झटकन ओढा. पट्टी सरळ येते. आता तेच पुन्हा करा, पण या वेळी मित्राला पट्टीच्या एका टोकावर बोट टेकवायला सांगा. पट्टी गर्रकन फिरते! ग्लायडरचंही तसंच होतं. एक टोक उंच गवतात अडकलं की ते मागे राहतं, दुसरं टोक पुढे जातं, आणि दोराची जबरदस्त ओढ चालूच असते. मग ग्लायडर नुसता फिरत नाही, तर पंखावर उभा राहून कोलांटी घेऊ शकतो. हे सगळं व्हायला एखाद-दुसरा सेकंद पुरतो. असे अपघात झाले आहेत आणि त्यांत माणसं दगावलीही आहेत.

यावर उपाय काय? उपाय एकच आणि अगदी साधा. सुटताना वैमानिकाचा डावा हात पिवळ्या मुठीवर हवा. शेजारी नको, गुडघ्यावर नको, मुठीवरच. पंख सावरत नाही असं वाटलं, की टोक जमिनीला लागायच्या आत मूठ ओढायची. दोर सुटतो, ग्लायडर गवतावर थोडा घसरत जाऊन थांबतो. फार तर पंखाला माती लागेल!

ऐकायला सोपं वाटतं ना? पण विचार करा. मागे दहा जण आपल्या पाळीची वाट बघत उभे आहेत. विंचवाल्याने इंजिन तापवून ठेवलंय. आईबाबा कुंपणापाशी कॅमेरा घेऊन उभे आहेत. पंख जरासा झुकलाय, पण ‘सावरेल की!’ असं मन म्हणतं. मूठ ओढायची म्हणजे सगळ्यांसमोर फजिती! अशा वेळी हात थबकतो. आणि त्या थबकण्यातच तो एक सेकंद निघून जातो.

नाक वर, वेग कमी

दुसरा धोका जमीन सोडल्यानंतर लगेचचा. तो समजायला कागदाचं विमान पुरे. विमान सरळ, हलक्या हाताने सोडा. छान तरंगत जातं. आता त्याचं नाक एकदम आभाळाकडे करून सोडा. ते थोडं वर जातं, अडखळतं, आणि धप्पकन खाली! पंखांवरून हवा पुरेशा वेगाने आणि नीट वाहिली, तरच पंख विमानाला उचलून धरतात. नाक फार वर केलं की पंखांची हवेवरची पकड सुटते. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात.

या स्टॉलने उड्डाणाच्या इतिहासातला एक मोठा माणूस नेला. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल. स्वतः बनवलेले पंख लावून त्याने टेकड्यांवरून दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली. अमेरिकेतल्या राईट बंधूंना त्याच्या कामातून स्फूर्ती मिळाली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी गोलेनबर्ग नावाच्या टेकडीवरून उडताना त्याच्या ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचं निधन झालं.

विंचने उडताना हा धोका जास्त असतो, कारण पंखांना ग्लायडरचं वजन तर उचलायचं असतंच, शिवाय दोर त्याला खाली ओढत असतो. वजन वाढल्यासारखंच ते! त्यामुळे एरवी चालला असता तेवढा वेग आता पुरत नाही. जमीन सोडल्यासोडल्या वैमानिकाने घाईने नाक वर केलं, तर एका पंखाची पकड आधी सुटते आणि ग्लायडर भोवऱ्यासारखा गिरकी घेतो. जमीन तर हाताच्या अंतरावर! म्हणून नियम असा, की आधी वेग येऊ द्यायचा, आणि मग नाक सावकाश, एका लयीत वर न्यायचं.

आणि मध्येच दोर तुटला तर? हो, तुटतो कधी कधी! आपल्या घरातल्या फ्यूजची तार आठवा. वीज जास्त झाली तर ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. तसाच दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर दुवा लावलेला असतो. ओढ फार झाली तर आधी तो तुटावा, ग्लायडरचे पंख नव्हे! काळा, तपकिरी, लाल, निळा, पांढरा अशा रंगांवरून तो किती ताण सोसेल ते कळतं. दोर लावणारा माणूस वैमानिकाला रंग विचारूनच दोर लावतो. विंचपाशीही एक धारदार पातं असतं. ग्लायडरचा आकडा अडकून बसला आणि दोर सुटेना, तर विंचवाला त्या पात्याने दोर कापून टाकतो.

दोर तुटला तेव्हा ग्लायडरचं नाक आभाळाकडे असतं आणि ओढणारं कुणी उरलेलं नसतं. वेग झपाट्याने कमी होतो. वैमानिकाने लगेच नाक खाली करायचं, वेग परत येईपर्यंत थांबायचं, आणि मगच काय करायचं ते ठरवायचं. समोर जागा असेल तर सरळ उतरायचं. जागा नसेल आणि उंची असेल तर वळून यायचं. शिकवताना गुरुजी काय करतात, ठाऊक आहे? काही न सांगता मध्येच दोर सोडून देतात! पुन्हा पुन्हा. विद्यार्थ्याचा हात आपोआप योग्य हालचाल करेपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत.

घंटी एकदा, घंटी दोनदा

एस.टी.त बसलात की कंडक्टरच्या घंटीकडे लक्ष असतं का तुमचं? एकदा वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की चला. ‘थांबा’ची खूण सोपी, कारण ती चुकून चालत नाही.

ग्लायडरच्या मैदानावरही असंच आहे. विंचवाला एक किलोमीटर दूर. त्याला हाक ऐकू जाणार नाही. म्हणून खुणा ठरल्या आहेत. एक हात खाली, कमरेपाशी झुलवला की ‘दोराची ढील ओढून घे’. हात डोक्यावरून झुलवला की ‘पूर्ण जोर लाव’. आणि दोन्ही हात सरळ वर उभे धरले की ‘थांब!’ दिव्याच्या खुणाही अशाच. सावकाश उघडझाप म्हणजे ढील ओढ, भराभर उघडझाप म्हणजे जोर लाव, आणि न मिटणारा दिवा म्हणजे थांब.

पण त्याआधी दोन कामं असतात. पहिलं वैमानिकाचं. आत बसल्यावर तो एक यादी मोठ्याने म्हणतो. सुकाणू नीट हलतंय का, वजन बरोबर आहे का, पट्टे आवळले का, घड्याळं ठीक आहेत का, काचेचं झाकण लावून कडी घातली का, एअरब्रेक बंद करून अडकवले का. एअरब्रेक म्हणजे उतरताना उंची कमी करायला पंखांतून वर येणाऱ्या फळ्या. त्या उघड्या राहिल्या तर ग्लायडर धड चढत नाही. यादीतली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आज दोर तुटला तर मी काय करीन? वारा कुठून आहे, कुठे उतरीन? हे बोलूनच पुढे जायचं. म्हणजे बिघाड व्हायच्या आधीच त्याचं उत्तर तयार!

दुसरं काम खाली उभ्या असलेल्या माणसाचं. तो वर आणि मागे बघतो. कुणी उतरायला तर येत नाही ना? इंजिनाच्या विमानाला धावपट्टी मोकळी नसेल तर पुन्हा एक चक्कर मारता येते. ग्लायडरला ते शक्य नाही. तो खाली यायला निघाला की उतरणारच! त्याला एकच संधी. म्हणून ‘वर आणि मागे सगळं मोकळं’ असं सांगितल्याशिवाय कुणी सुटायचं नाही.

आणि आता या मैदानावरचा सगळ्यात चांगला नियम ऐका. ‘थांबा!’ असं कुणीही ओरडू शकतं. मुख्य शिक्षकच नव्हे, कुणीही. पंख धरणारी तेरा वर्षांची मुलगी, काल पहिल्यांदा आलेला पाहुणा, चहा घेऊन आलेले आजोबा. धावपट्टीवर कुत्रा आला, काचेच्या झाकणाची कडी सुटलेली दिसली, दोर कुणाच्या पायात आला, नुसता संशय आला, तरी ओरडायचं. ज्याला ऐकू येईल त्याने तीच खूण पुढे द्यायची. सगळं थांबतं. मग बघायचं काय झालंय ते. काहीच नसलं, तरी ओरडणाऱ्याला कुणी रागवत नाही. पाच मिनिटांनी ग्लायडर पुन्हा सुटतो.

काही ठिकाणी विंचऐवजी छोटं इंजिनाचं विमान पन्नास-साठ मीटर दोराने ग्लायडरला मागे बांधून वर नेतं. तिथेही हाच मंत्र. मागचा ग्लायडर फार वर चढला तर तो पुढच्या विमानाची शेपटी वर उचलतो, आणि पुढचं विमान नाकावर जमिनीकडे जाऊ लागतं. यात पुढच्या वैमानिकांचे जीव गेले आहेत. म्हणून पुढचं विमान दिसेनासं झालं की त्याच क्षणी पिवळी मूठ! आपल्यासाठीच नव्हे, त्याच्यासाठीही.

हडपसरची नक्षत्रं

हे सगळं तुम्हाला फार दूरचं वाटत असेल, तर पुण्याकडे या. सोलापूर रस्त्यावर हडपसरला सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथेही वर्षानुवर्षं विंचच्या दोरानेच ग्लायडर आभाळात चढत आले आहेत. पुण्याच्या कितीतरी आजी-आजोबांनी तरुणपणी तिथून आपलं शहर पाखराच्या नजरेने पाहिलंय. तुमच्या घरात विचारून बघा, कुणीतरी निघेल!

आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरांची नावं तर पाठच करण्यासारखी आहेत. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. ओळखीची वाटली? पंचांगातली नक्षत्रं! कृत्तिकेच्या जागी तेवढा कार्तिक आला. अश्विनी १९५८ साली पहिल्यांदा उडाला, आणि दोघांना शेजारी शेजारी बसवणारा लाकडी रोहिणी १९६१ साली. दोन्ही एस. राममृतम या भारतीय अभियंत्यांच्या आराखड्यावर बनले. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतली मुलंही अशा ग्लायडरांमधून उडायला शिकली.

हडपसर एके काळी गावाबाहेर होतं. आता चहूबाजूंनी वस्ती दाटली आहे. शहराला लागून असलेल्या अशा कुठल्याही मैदानाचं राखण म्हणजे नुसतं कुंपण नव्हे. शेजारच्या लोकांना ते मैदान कशासाठी आहे हे ठाऊक हवं. गवतात पडलेला दोर मेलेल्या सापासारखा निपचित दिसतो, पण विंच सुरू झाली की क्षणात ताठ होऊन उसळतो. त्यावरून चालणं, सायकल नेणं, ‘जवळची वाट’ म्हणून धावपट्टी ओलांडणं यात आपलाही जीव जाऊ शकतो आणि वरून येणाऱ्याचाही.

तेच अपघात, पुन्हा पुन्हा

२००५ साली ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने एक महत्त्वाचं काम हाती घेतलं. विंचने उडताना झालेल्या अपघातांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी काढून त्यांनी त्या बारकाईने वाचल्या. दिसलं काय? प्रत्येक अपघात निराळा नव्हता. तेच तेच पुन्हा घडत होतं. पंख जमिनीला लागला. नाक घाईने वर गेलं. दोर तुटल्यावर वेग परत यायची वाट पाहिली नाही. आणि अपघात झालेले सगळे नवशिके नव्हते. चांगले अनुभवी वैमानिकही त्यांत होते.

त्यांनी काही नवं यंत्र आणलं नाही. प्रत्येक क्लबमध्ये हेच धडे पुन्हा शिकवले. पंख सावरत नसेल तर टोक टेकायच्या आत दोर सोडा. हात मुठीवर ठेवा. नाक सावकाश वर न्या. दोर तुटला तर आधी नाक खाली, मग बाकी सगळं. शिक्षकांनाही हे पुन्हा शिकावं लागलं. त्यानंतर तिथे विंचच्या उड्डाणातले गंभीर अपघात खूपच कमी झाले.

म्हणजे ज्या एका सेकंदाची आपण मघाशी गोष्ट केली, तो सेकंद वाचवता येतो. पण त्यासाठी उड्डाण सोडून द्यायची तयारी आधीच मनात असावी लागते. ‘आज मी उडणारच’ असं म्हणून बसलेल्याचा हात थबकतो. ‘सगळं ठीक असेल तरच उडेन’ म्हणणारा वेळेवर मूठ ओढतो.

तेव्हा दोस्तांनो, कधी डन्स्टेबलला गेलात किंवा हडपसरच्या बाजूला आलात, तर मोठ्या माणसांना घेऊन जरूर ग्लायडर बघायला जा. आधी विचारून मगच आत शिरा. सांगतील तिथेच उभे राहा. उभ्या विमानाच्या पंख्यापासून आणि गवतातल्या दोरापासून दूर राहा. धावपट्टीकडे पाठ करून फोटो काढत बसू नका. आणि आईबाबांनो, तुम्हीसुद्धा बरं का!

तिथे उभं असताना तुम्हाला काहीतरी खटकलं, एखादं झाकण उघडं दिसलं, कुणाचं लहान भावंडं धावत पुढे गेलेलं दिसलं, तर ‘एवढी मोठी माणसं आहेत, त्यांना दिसलंच असेल’ असं म्हणून गप्प बसू नका. दोन्ही हात सरळ वर करा आणि पोटातून ओरडा:

“थांबा!”